गाडीचं अ‍ॅव्हरेज वाढवायला टाकीत काय ओतावं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

पेट्रोल-डिझेल महागलं की घरगुती उपायांचे मेसेज फिरायला लागतात, टाकीत हे टाका, ते मिसळा आणि अ‍ॅव्हरेज वाढवा. या वेळी तुमचे आलेले बरेचसे प्रश्न याच विषयावरचे आहेत म्हणून सगळे एकत्रच घेते. इंजिन टेस्टिंगमध्ये माझी बरीच वर्षं गेलीत, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा आहे आणि काळजीचाही, कारण यातले काही उपाय नुसते निरुपयोगी असते तर मी एवढं लिहिलं नसतं, ते धोक्याचे आहेत.

प्रश्न : ताई, माझा मावसभाऊ बरेच दिवस पेट्रोलमध्ये थोडं अ‍ॅसिटोन टाकतोय, लिटरमागे दोन-तीन मिली फक्त, आणि म्हणतो अ‍ॅव्हरेज वीस टक्क्यांनी वाढलं. त्याचं म्हणणं की अ‍ॅसिटोनमुळे पेट्रोलचा पृष्ठताण कमी होतो, थेंब बारीक होतात आणि पेट्रोल पूर्ण जळतं, नाहीतर म्हणे बरंचसं पेट्रोल सायलेन्सरमधून तसंच बाहेर जातं. गाडी इंजेक्शनवाली आहे, जुनी आहे पण चांगली चालते. मी पण करू का? एवढ्याशा अ‍ॅसिटोननं काय बिघडणार?

उत्तर : नका करू. आणि का नको ते नीट सांगते, कारण मावसभावाला नुसतं "ताई नको म्हणाल्या" सांगून तो ऐकणार नाही.

सगळा डोलारा एका समजुतीवर उभा आहे, की इंजिनमध्ये पेट्रोल अर्धवट जळतं. तसं होत नाही. ठीकठाक चालणाऱ्या इंजिनमध्ये गेलेल्या इंधनातली साधारण 95 ते 98 टक्के ऊर्जा जळून बाहेर पडतेच, आणि जे थोडं राहतं त्यातलं बहुतेक पुढे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतं. म्हणजे समजा अगदी जादूचा थेंब सापडला आणि त्यानं ज्वलन शंभर टक्के केलं तरी हाताला लागणार दोन ते पाच टक्के, मग वीस टक्के आणायचे कुठून? पेट्रोल वाया जातं हे खरंच आहे, पण ते न जळता जात नाही, जळून उष्णता होऊन जातं. गाडीत टाकलेल्या ऊर्जेतला साधारण सत्तर टक्के भाग इंजिनमध्येच संपतो, रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून गरमी म्हणून निघून जातो, चाकांपर्यंत पोचतो तो 16 ते 25 टक्के. ही गळती इंजिनच्या रचनेतली आहे, कॉम्प्रेशन रेशो, घर्षण, पिस्टनचा वेग असल्या गोष्टींवर ठरणारी, टाकीत ओतलेल्या कशानंही ती बुजत नाही.

आता पृष्ठताण. अ‍ॅसिटोनचा पृष्ठताण पेट्रोलपेक्षा कमी नाहीच, उलट किंचित जास्त आहे, त्यामुळे तो मुद्दा तिथंच संपतो. ऊर्जेचं बघायचं तर एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण 32 मेगाज्यूल असतात आणि एक लिटर अ‍ॅसिटोनमध्ये जेमतेम 22-23, म्हणजे तुम्ही जे टाकताय ते पेट्रोलपेक्षा हलकं इंधन आहे. शिवाय अ‍ॅसिटोनच्या रेणूत ऑक्सिजन असतो, सायलेन्सरच्या पाइपमधला ऑक्सिजन सेन्सर तो बरोब्बर पकडतो, त्याला वाटतं मिश्रणात हवा जास्त झाली आणि तो ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, सांगतो इंधन वाढव. इंजेक्शनवाली गाडी कायम हवा आणि पेट्रोलचं वजनी प्रमाण 14.7 ला 1 च्या आसपास धरून ठेवायचा प्रयत्न करत असते, तुम्ही टाकीत काय कलाकारी केली त्याच्याशी तिला देणंघेणं नसतं, ती आपलं प्रमाण जुळवून घेते. म्हणून दोन-तीन मिलीनं फायदा नाही.

मग नुकसान? दोन-तीन मिलीनं लगेच काही दिसणार नाही, मान्य. पण कोणीही दोन मिलीवर थांबत नाही, फरक दिसला नाही की माणूस डोस वाढवतो, आणि मग रबर बोलायला लागतं. पेट्रोलच्या पाइपलाइनीत, पंपात, इंजेक्टरच्या बुडाशी ज्या ओ-रिंगा आणि सील असतात ते बहुतेक नायट्राइल नाहीतर व्हायटॉन रबराचे असतात. ही दोन्ही रबरं पेट्रोलला छान टिकतात आणि दोन्हींना अ‍ॅसिटोन सोसत नाही. (अ‍ॅसिटोनला टिकणारं ईपीडीएम नावाचं रबर आहे, पण ते पेट्रोलमध्ये फुगतं, त्यामुळे तो रस्ताही बंद.) आमच्याकडे टेस्टिंगला ओ-रिंग अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून ठेवायचो, काढली की मऊ आणि जाडजूड झालेली, ज्या खाचेतून काढली त्या खाचेत परत बसायची नाही. आणि खरी भीती त्याच्या पुढची, वाळली की ती आक्रसते, कडक होते, वाकवली की बारीक चिरा दिसतात. आता विचार करा, अशी चिरलेली रिंग गरम इंजिनवर, दाबाखाली असलेल्या पेट्रोलच्या लाइनीत बसलेली आहे. गाडीला आग लागायला याहून वेगळं काही लागत नाही.

अजून एक, अ‍ॅसिटोन हाताळणं हेच मुळात धोक्याचं. त्याचा फ्लॅश पॉइंट उणे 20 अंशांच्या आसपास आहे, म्हणजे कुठल्याही साध्या दिवशी उघड्या बाटलीतून पेट घेण्याइतकी वाफ निघतच असते. ही वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत सरकत जाते आणि लांबची ठिणगी शोधते. मावसभावाला एवढं तरी सांगा की बंद गॅरेजमध्ये, पाण्याचा हीटर किंवा चालू मोटर जवळ असताना हा प्रकार अजिबात करू नकोस.

प्रश्न : तुम्ही पुस्तकातलं सांगता ताई, पण मी स्वतः मोजलंय. अ‍ॅडिटिव्ह टाकायच्या आधी एका टाकीत जेवढे किलोमीटर जायचे त्यापेक्षा आता जास्त जातात. डोळ्यांनी दिसतं ते खोटं कसं मानू?

उत्तर : तुम्ही खोटं सांगताय असं मी अजिबात म्हणत नाही. आकडा तुम्हाला दिसला हे खरं, प्रश्न एवढाच की तो कशामुळे दिसला, आणि इथं भलेभले फसतात म्हणून जरा सविस्तर सांगते.

टाकी "फुल" हा शब्दच ढिला आहे. पंपाचं नोझल कधी आधी कट होतं कधी नंतर, गाडी जराशी उतारावर उभी असली तरी फरक पडतो, पंपवाल्यानं अजून दोनदा दाबलं तर लिटरभर जास्त बसतं. तीस लिटर भरताना एका लिटरचा फरक म्हणजे तीन टक्क्यांहून जास्त चूक आणि ही चूक एकाच टाकीत. त्यात तापमान, पेट्रोल दहा अंशांनी तापलं की आकारमानानं साधारण एक टक्का फुगतं, म्हणजे थंड पेट्रोलचं आणि तापलेल्या पेट्रोलचं लिटर सारखं नसतं. मग हवामान, थंडीत उणे सात अंशांच्या आसपास शहरातलं मायलेज 25 अंशांच्या तुलनेत पंधरा टक्क्यांपर्यंत पडू शकतं. वाऱ्याची दिशा, रस्ता ओला की कोरडा, एसी लावला की नाही, गाडीत किती माणसं, सिग्नल किती लागले, यातलं कुठलंही एक तुमच्या अ‍ॅडिटिव्हच्या दाव्याएवढा फरक एकटं पाडू शकतं.

आणि सगळ्यात मोठा फरक असतो पायाचा. जो माणूस अ‍ॅव्हरेज मोजायला बसतो तो नकळत जपून चालवतो, लांबून सिग्नल बघून पाय काढतो, दाबून ओव्हरटेक करत नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे आकडे सांगतात की दणादण चालवण्यानं महामार्गावर मायलेज 15 ते 30 टक्के आणि थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत 10 ते 40 टक्के कमी होतं. म्हणजे मावसभावाचे ते वीस टक्के बाटलीतून नाही, त्याच्या उजव्या पायातून आले असायची शक्यता कितीतरी जास्त. शिवाय आपण उपाय करतो कधी, तर अ‍ॅव्हरेज फारच पडलं की. एखादी टाकी नेहमीपेक्षा वाईट गेली की पुढची टाकी आपोआप थोडी बरी जातेच, काही न टाकताही.

खरंच तपासायचं असेल तर असं करा. दर वेळी एकच पंप, एकाच जागी गाडी उभी, नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबायचं, टायरमधली हवा सारखी ठेवायची. काही टाक्या बिना-अ‍ॅडिटिव्ह, मग काही टाक्या अ‍ॅडिटिव्हच्या आणि मग परत बिना-अ‍ॅडिटिव्हच्या, हा तिसरा टप्पा कोणीच करत नाही आणि खरी परीक्षा तिथंच असते. आणि चालवणाऱ्याला कळता कामा नये की या टाकीत काय आहे, घरातल्या दुसऱ्या कोणीतरी ते ठरवून वहीत लिहायचं आणि वही शेवटपर्यंत उघडायची नाही. फक्त हे सगळं दुकानात मिळणाऱ्या, गाडीच्या मॅन्युअलमध्ये चालतं असं लिहिलेल्या क्लीनरवर करा, अ‍ॅसिटोन किंवा थिनरवर नाही. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए हिनं इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून जास्त उपकरणं आणि अ‍ॅडिटिव्ह तपासलीत आणि मायलेज लक्षणीय वाढवणारं त्यात काही सापडलं नाही. हे मी हुरूप मोडायला सांगत नाहीये, मोजायची सवय फार चांगली आहे, ती सोडू नका, फक्त पुरती मोजा.

प्रश्न : जुने मेकॅनिक पेट्रोलमध्ये डांबर गोळ्या टाकायला सांगायचे, आणि टू-टी ऑइलचे दोन झाकण सुद्धा. त्यांचा अनुभव चुकीचा होता का?

उत्तर : त्यांचा काळ वेगळा होता. डांबर गोळी म्हणजे नॅफ्थलीन, ते पेट्रोलमध्ये विरघळतं आणि जळतं. पूर्वीच्या कमी ऑक्टेनच्या, म्हणजे इंजिनला टकटक करायला लावणाऱ्या पेट्रोलमध्ये त्यानं ती टकटक, म्हणजे नॉकिंग, थोडं कमी झाल्यासारखं वाटायचं. पण त्यानं काजळी धरते, आणि थंडीत ते परत घट्ट होऊन फिल्टरात बसू शकतं. शिवाय आता मिळणाऱ्या पुष्कळ गोळ्या नॅफ्थलीनच्या नसतातच, पॅराडायक्लोरोबेंझीनच्या असतात, त्यात क्लोरीन आहे, जळलं की हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड तयार होतं, इंजिनच्या आत. पुडीवर बघूनसुद्धा टाकू नका, टाकूच नका.

टू-टी ऑइल दोन स्ट्रोकच्या इंजिनसाठी असतं, तिथं वंगण पेट्रोलबरोबरच द्यावं लागतं. चार स्ट्रोकला वेगळं ऑइल आहे. पेट्रोलमध्ये ऑइल गेलं की ऑक्टेन उतरतं, प्लगवर थर बसतो आणि ऑइलमधली राख ऑक्सिजन सेन्सर आणि कन्व्हर्टरवर जाऊन बसते. डिझेलवाल्यांपैकी काही जण पंपाला वंगण म्हणून टू-टी टाकतात, ज्यांच्या गाडीला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आहे त्यांनी तर हे अजिबात करू नये, डीपीएफमधली काजळी जाळून साफ होते, राख होत नाही, ती तिथंच साचत राहते.

प्रश्न : रॉकेल किंवा थिनर मिसळलं तर काय होतं? थिनरनं ऑक्टेन वाढतं असं ऐकलंय, रेसिंगवाले टाकतात म्हणे.

उत्तर : रॉकेल आणि थिनर दोघांना एका पारड्यात टाकू नका, दोघांचं बिघडवणं वेगळं आहे.

रॉकेलचं ऑक्टेन फार कमी. सिलिंडरमध्ये ठिणगीनं पेटलेली ज्वाळा पोचायच्या आत उरलेलं मिश्रण दाबानं आपोआप पेटतं आणि आपल्याला तो टकटक आवाज ऐकू येतो, तेच नॉकिंग. नवीन गाडीत नॉक सेन्सर ते ओळखून ठिणगी उशिरा द्यायला लावतो, म्हणजे इंजिन वाचतं पण पिकअप आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही पडतं, सेन्सर नसलेल्या जुन्या गाडीत थेट पिस्टनला फटका. वर रॉकेल जड असल्यानं सगळं वाफ होत नाही, काही रिंगांच्या बाजूनं खाली उतरतं आणि इंजिन ऑइल पातळ करतं. अ‍ॅव्हरेज वाढवायला गेलो आणि बेअरिंग घालवून बसलो, आगीतून फुफाट्यात.

थिनरमधल्या टोल्युईनचं ऑक्टेन मात्र खरंच जास्त आहे, रेसिंगवाल्यांची गोष्ट अगदीच पोकळ नाही. 1988 च्या फॉर्म्युला वनमध्ये होंडाचं टर्बो इंजिन 84 टक्के टोल्युईन असलेल्या इंधनावर पळत होतं, कारण त्या वर्षी टर्बो गाड्यांना शर्यतीला 150 लिटरचीच मर्यादा होती आणि टोल्युईनमध्ये लिटरमागे ऊर्जा जास्त बसते. पण ते नीट वाफ होत नाही म्हणून इंधन आधी गरम करून पाठवावं लागायचं, आणि ते इंजिनच त्या इंधनासाठी बनवलेलं होतं. तुमच्या इंजिनला जेवढं ऑक्टेन हवंय तेवढं मिळालं की त्याच्या वरचं ऑक्टेन त्याला वापरताच येत नाही. आणि दुकानातला थिनर म्हणजे शुद्ध टोल्युईन थोडंच, त्यात अ‍ॅसिटोन असतं, मिथेनॉल असतं, आणखी काय काय असतं, मिथेनॉल अ‍ॅल्युमिनियम खातं आणि रबराचं तर वर सांगितलंच.

ऑक्टेनचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट मला मनापासून सांगायचीय. टाकीत टाकलेला एक पदार्थ असा होता की त्यानं जे वचन दिलं ते अक्षरशः पाळलं. 1921 मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना सापडलं की टेट्राइथाइल लेड अगदी थोडं मिसळलं तरी नॉकिंग थांबतं. इंजिनं खुश झाली, आणि त्या शिशाचा धूर जगभरातल्या मुलांच्या रक्तात गेला. गाड्यांच्या पेट्रोलमधून ते संपूर्ण जायला 2021 उजाडलं, अल्जीरिया हा शेवटचा देश. म्हणून कोणी म्हणालं की अमुक टाकलं आणि इंजिन छान चालतंय, तर माझा पुढचा प्रश्न नेहमी हाच असतो की ते जळून बाहेर काय पडतंय आणि ते कोण श्वासात घेतंय.

प्रश्न : पाण्यावर चालणारं किट घरी बनवायचे व्हिडिओ बघितले. बॅटरीवर पाण्याचं हायड्रोजन करायचं आणि ते इंजिनला द्यायचं. पाणी तर फुकट आहे, मग तोटा कुठे?

उत्तर : पाणी फुकट आहे पण ते फोडायला लागणारी वीज फुकट नाही, ती अल्टरनेटरमधून, म्हणजे गाडीतल्या वीज बनवणाऱ्या जनरेटरमधून, येते आणि अल्टरनेटर इंजिन फिरवतं, म्हणजे शेवटी पेट्रोलच. हिशोब मांडून बघा. पेट्रोलमधली 100 भाग ऊर्जा घेतली तर इंजिन त्यातले साधारण 30 भाग फिरण्याच्या कामात बदलतं. त्या 30 मधून अल्टरनेटर देणार 16-17 भाग वीज. त्या विजेतून पाणी फोडून हायड्रोजनमध्ये उतरणार 10-11 भाग. आणि तो हायड्रोजन परत त्याच इंजिनमध्ये जाळला की मिळणार 3 भाग. सरळ 30 मिळत होते ते सोडून एवढा वळसा घालून 3 घ्यायचे. यावर किटवाले म्हणतात की हायड्रोजनमुळे पेट्रोल जास्त चांगलं जळतं, पण ते आधीच किती जळतं ते वर आलंय.

आणि ही गंमत नाही, पाणी फोडून निघणारं हायड्रोजन-ऑक्सिजनचं मिश्रण पेटायला अगदी बारीक ठिणगी पुरते, ते बरणीत साठलं आणि ज्वाळा उलटी आली तर बरणी फुटते. बॉनेटखाली, गरम पाइपांच्या शेजारी, प्लास्टिकच्या बरणीत हे ठेवायचं धाडस कृपा करून करू नका.

पाण्याचा खरा उपयोग वेगळा आहे. दुसऱ्या महायुद्धात मेसरश्मिट बीएफ 109 सारख्या विमानांच्या इंजिनात पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारायचे, आणि बीएमडब्ल्यूनं एम4 जीटीएस या गाडीमध्ये पाण्याचा फवारा दिला. दोन्हीकडे पाणी थंडावा देतं, नॉकिंग रोखतं आणि त्यामुळे इंजिनमध्ये जास्त दाब देता येतो. वेगळी टाकी, वेगळा पंप, स्वतःचं कंट्रोल. पेट्रोलच्या टाकीत पाणी गेलं तर ते तळाशी बसतं आणि पंप तेच आधी ओढतो, गाडी बंद.

प्रश्न : माझी डिझेल गाडी आहे. डिझेलचं इंजिन खाद्यतेलावर चालतं ना? वापरलेलं तळणीचं तेल गाळून मिसळलं तर?

उत्तर : चालतं, आणि त्याला इतिहासही आहे, 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं होतं. पण त्या इंजिनमध्ये आणि तुमच्या कॉमन रेल (प्रचंड दाबानं डिझेल फवारणाऱ्या) इंजिनमध्ये शंभराहून जास्त वर्षं आहेत. आता इंजेक्टरची भोकं मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी आणि दाब 1600 ते 2000 बार, काही गाड्यांत त्याहूनही वर. खाद्यतेल 40 अंशांना डिझेलपेक्षा दहापट तरी घट्ट असतं. ते बारीक फवारत नाही, नोझलच्या तोंडाशी कोळसा धरतो, न जळलेलं तेल इंजिन ऑइलमध्ये उतरून चिकट लगदा होतं, आणि एक दिवस ऑइलचा पंप ओढत नाही. तळणीच्या तेलात वर पाणी आणि अ‍ॅसिडही असतं.

बायोडिझेल ही वेगळी गोष्ट, तेलावर मिथेनॉल आणि कॉस्टिकची प्रक्रिया करून ते करतात, मग ते जवळपास डिझेलइतकं पातळ होतं. पण ते घरी करू नका असंच मी सांगेन. मिथेनॉल विषारी आहे, त्वचेतूनही जातं, आणि उजेडात त्याची ज्वाळा जवळपास दिसतच नाही, माणसाला आपण जळतोय हे चटका बसल्यावर कळतं. वरून धुऊन, वाळवून, तपासून घेतलं नाही तर उरलेलं कॉस्टिक आणि साबण इंजेक्टरात जातो. आणि एवढं करून ऊर्जा डिझेलपेक्षा आठ-दहा टक्के कमी, म्हणजे मायलेज वाढायचा प्रश्नच येत नाही.

प्रश्न : मग दुकानातल्या बाटल्या सुद्धा फसव्याच का? आणि काहीच टाकायचं नाही तर अ‍ॅव्हरेज वाढवायचं कसं?

उत्तर : सगळ्या फसव्या नाहीत. ज्यात पॉलीईथर अमाइन, म्हणजे पीईए, पुरेसं असतं त्या इंजेक्टरवरचा थर खरंच काढतात. इंजेक्टर घाण झाले असतील तर गेलेलं अ‍ॅव्हरेज परत येतं, पण स्वच्छ इंजिनमध्ये काही मिळत नाही, हे लक्षात ठेवा. आणि चांगल्या पेट्रोलमध्ये डिटर्जंट आधीच असतं, अमेरिकेत तर 1995 पासून ते सक्तीचं आहे. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं, इनटेक व्हॉल्व्हला शिवतच नाही, त्यामुळे तिथला थर टाकीत काही टाकून निघत नाही.

वाढवायचं कसं, तर आधी गाडीत बिघाड नाही ना ते बघा. चेक इंजिनचा दिवा लागलाय आणि त्यावर चिकटपट्टी लावून गाडी चालवणारे लोक मी बघितलेत, आणि तेच टाकीत काय ओतू म्हणून विचारतात! ऑक्सिजन सेन्सर पार गेला असेल तर तो दुरुस्त केल्यानं मायलेज 40 टक्क्यांपर्यंत सुधारू शकतं, एवढा फरक जगातली कुठलीच बाटली देत नाही. ब्रेक चिकटतोय का बघा, थोडं चालवून झाल्यावर एखाद्या चाकाजवळ हात नेला की बाकीच्यांपेक्षा जास्त गरमी लागते, हात लावू नका, जवळ न्या फक्त. टायरची हवा दरवाजाच्या चौकटीवर लिहिलेली असते तेवढी, टायर थंड असताना. चारही टायरमध्ये एक-एक पीएसआय कमी झाली की साधारण 0.2 टक्के जातात, थोडे वाटतात पण आठ-दहा पीएसआय कमी असलेल्या गाड्या सर्रास फिरतात, आणि मायलेजपेक्षा तो टायर फुटायचा धोका मोठा. टपावरची मोठी पेटी वापरात नसेल तर काढून ठेवा, महामार्गावर ती 6 ते 17 टक्के खाते. वेग जरा कमी ठेवा, हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. एअर फिल्टर बदलल्यानं इंजेक्शनच्या गाडीत मायलेज वाढत नाही, पिकअप सुधारतं, तरी वेळेवर बदला. इंजिन ऑइल कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचंच, जाड ऑइल टाकलं की एक-दोन टक्के तिथंही जातात.

प्रश्न : ताई, हे वाचायच्या आधीच मी टाकीत थिनर टाकून बसलोय. बऱ्यापैकी टाकलंय. आता काय करू?

उत्तर : घाबरू नका, पण गाडी चालू करू नका. चावी ऑनला सुद्धा फिरवू नका, बऱ्याच गाड्यांत चावी फिरवली की लगेच पंप सुरू होतो आणि मिश्रण पुढे लाइनीत जातं. गाडी टो करून गॅरेजला न्या आणि मेकॅनिकला स्पष्ट सांगा काय टाकलंय आणि किती, लाज वाटून लपवू नका, त्याला माहीत नसेल तर तो वेल्डिंग करत असलेल्या जागेशेजारी टाकी उघडेल. टाकी रिकामी करून घ्या, इंधन फिल्टर बदलून घ्या. गाडी आधीच चालवली असेल तर लाइनी आणि इंजेक्टरच्या ओ-रिंगा सुद्धा तपासायला सांगा, आणि पुढचे काही आठवडे रोज सकाळी गाडी चालू करायच्या आधी खाली वाकून ओल दिसतेय का, पेट्रोलचा वास येतोय का बघा. वास आला तर गाडी तिथंच राहू दे आणि मेकॅनिकला बोलवा.

एक कळकळीची विनंती, टाकीतलं मिश्रण नळी लावून तोंडानं ओढू नका. पेट्रोल घशाऐवजी फुफ्फुसात गेलं तर रासायनिक न्यूमोनिया होतो आणि माणूस दगावू शकतो. चुकून गिळलं गेलं तर उलटी काढायची नाही, उलटी होताना ते परत फुफ्फुसात जायची भीती असते, सरळ हॉस्पिटल गाठायचं आणि काय होतं ते डॉक्टरांना सांगायचं. काढलेलं मिश्रण पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका, घरातलं मूल पाणी समजून पिऊ शकतं. इंधनासाठीच्या कॅनमध्ये भरा, वर मोठ्या अक्षरांत लिहा, नालीत किंवा मातीत ओतू नका, गॅरेजवाला जिथं जुनं इंधन देतो तिथंच ते जाऊ द्या.